पाटीमागची भिंत

३ मार्च, मंगळवार

धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला प्रभूच्या नावाने सलाम लिहायचा, ही आपल्या घरातली पद्धत. तो लिहायला घेतला आणि थांबलो. ज्याने आठ वर्षांत ओळ पाठवली नाही त्याने पहिल्याच ओळीत प्रभूला मध्ये घालावं, हे बरं दिसेना. म्हणून सलाम राहू दे. तू बरा असशील असं धरून चालतो.

पत्ता तुझ्या वहिनीने दिला. तिच्याकडे तो पहिल्यापासून होता हे आजच कळलं. तुमची पत्रं चालू असतात म्हणे. मी तिला काही बोललो नाही. थोडंसं बोललो.

माझं ठीक आहे. गुडघे दुखतात. डॉक्टर झीज म्हणतो, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाही, त्यामुळे आणखी काही तरी असावं. शुक्रवारचा उपास अजून सोडलेला नाही. पहाटे पाचला शास्त्र वाचतो, मोठ्याने. शेजारचे म्हणतात की तुमच्यामुळे आम्हाला घड्याळाची गरज उरली नाही. ते कौतुकाने म्हणतात असं मी धरून चाललो होतो. हल्ली खात्री वाटत नाही.

१२ एप्रिलला चर्चच्या इमारतीला तीस वर्षं होतील. मोठा कार्यक्रम आहे. हेडमास्तर निवृत्त झाल्यापासून मंडळीच्या पंचांचे प्रमुख आहेत. त्यांनी मुख्य प्रार्थनेसाठी माझं नाव सुचवलं. मिस्त्रींच्या हातचं बांधकाम, मिस्त्रींच्याच तोंडची प्रार्थना शोभेल, असं सगळ्यांसमोर म्हणाले. मी नको नको म्हटलं, पण फार नाही.

आता एक कामाचं. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. त्याच्या भिंतीला तडा गेलाय. जुनी भिंत, विटांची, दोन पदरी. गिलावा केला की महिनाभर झाकतो, पुन्हा दिसतो. त्याने तड्यावर आडवी काचेची पट्टी बसवून पाहिली, आपण बसवायचो तशी, म्हणजे भिंत हलली तर काच तुटून कळावं. आठव्या दिवशी काच तुटली. त्याने काय करावं असं तुला वाटतं?

घाई नाही. पण लवकर लिही.

तुझा मोठा भाऊ


१२ मार्च, गुरुवार

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल असं पहिले चार दिवस वाटलं. मग वाटलं, पोचलं असेल आणि तू फोडलं नसशील. मग वाटलं, फोडून वाचलं असशील आणि हसला असशील. तिसरं खरं असेल तर बरं. तू हसलास की नंतर राग टिकत नाही तुझा.

तू कशाला हसला असशील तेही मला ठाऊक आहे. ओळखीचा माणूस. लहानपणी आईचं भांडं फुटलं की मी असाच यायचो, एका मुलाकडून भांडं फुटलं असं सांगत.

भिंत चर्चची आहे. मुख्य सभागृह आणि शब्बाथशाळेची खोली यांच्या मधली. छपराचं आढं तिच्यावर आहे. काच मी बसवली. काच तुटली ती मीच काढून टाकली, आणि तड्यावर पाटी लावली.

पाटी चांगली आहे. सागाची चौकट, निळ्यावर सोनेरी अक्षरं. देव हा आपला आसरा आणि आपला गड आहे अशा अर्थाचं वचन. पाटी लावली त्या रविवारी लोक येऊन माझे हात हातात घेत होते. शब्बाथशाळेच्या भिंतीवर वचन हवंच होतं, मिस्त्री, तुम्हालाच सुचलं, असं म्हणत होते. तुझ्या वहिनीने मला घरी आल्यावर विचारलं, "पाटी लावली ती कुणापासून लपवायला? माणसांपासून, की जिच्यावर ज्याचं नाव आहे त्याच्यापासून?"

मी तिला म्हटलं, तुला बांधकामातलं काय कळतं. ती म्हणाली, बांधकामातलं नाही कळत.

आता पाटी भिंतीला नीट टेकत नाही. मधे टेकते, दोन्ही बाजूंना बोटभर फट राहते. म्हणजे पाटी सरळ आहे आणि भिंतीला पोट सुटलंय. तिच्याखाली दर रविवारी चौतीस मुलं बसतात. मी भिंतीजवळचा बाक पलीकडे सरकवला. का म्हणून विचारलं तर ऊन येतं म्हणालो. त्या बाजूला खिडकीच नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी बोललेलं कुणी तपासत नाही. पंच आहे ना मी.

तुला वाटेल, सांगून का टाकत नाही. एक महिन्यावर कार्यक्रम आहे. मला रात्रंदिवस तेच दिसतं, मी सांगितलं तर कुणाचा चेहरा कसा होईल ते. मुलांचे चेहरे डोळ्यांसमोर यायला हवेत. तेही येतात, पण नंतर. हे लिहायला नको होतं. लिहिलं ते असू दे.

उत्तर दे. दोन ओळी चालतील.


१९ मार्च, गुरुवार

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. ओळंबा सोड, पोट किती ते कळव, आडव्या विटा किती थरांनी आहेत ते कळव. बस, एवढंच. दादा नाही, खाली नावही नाही. तरी मी ते चार वेळा वाचलं. अक्षर अजून तसंच, उजवीकडे पडणारं.

काल दुपारी कुणी नसताना गेलो. वरून ओळंब्याची दोरी सोडली. मधल्या उंचीवर चार बोटं पोट. खात्री वाटेना, म्हणून तीनदा मोजलं. तिन्ही वेळा चारच.

आडव्या विटांचं विचारलंस. ते विचारशील याचीच भीती होती.

आडव्या विटा नाहीत.

तुला सांगायची गरज नाही, पण लिहून काढतो म्हणजे माझी सुटका होईल. दोन पदर उभे केले की दर चार-पाच थरांनी आडवी वीट घालून ते एकमेकांत गुंतवायचे, नाही तर दोन वेगळ्या भिंती नुसत्या शेजारी उभ्या राहतात, आत भर टाकलेली. हे तुला मीच शिकवलं. तुझ्या हातावर थापी मारून शिकवलं. आणि मी ते केलं नाही. उद्घाटनाची तारीख छापून झाली होती. विटा कमी पडल्या. दर्शनी कमान बाकी होती. रस्त्यावरून दिसणारी, जिच्याखाली उभं राहून लोक फोटो काढतात ती. आडव्या विटांचा ढीग कमानीला गेला. आतली भिंत गिलाव्याखाली जाणार होती. कोण बघणार होतं.

तीस वर्षं मी त्या भिंतीशेजारी डोळे मिटून प्रार्थना केली.

दाईबाईंच्या घराचंही लिहितो, नाही तर पुन्हा हिंमत होणार नाही. मी पंचांपुढे सांगितलं की धाकटा उपासना सोडून रविवारी काम करत होता. त्यात खोटं काही नव्हतं. जे सांगितलं नाही ते असं. पाया खचून दाईबाईंची मागची भिंत कलली होती, आत एक बाई अडली होती, तिला हलवता येत नव्हतं. तू एकटा टेकू धरून उभा होतास. मी धुतलेले कपडे घालून, शास्त्र काखेत घेऊन समोरून चाललो होतो. तू हाक मारलीस, "दादा, एक हात लाव." मी म्हटलं, उपासनेला उशीर होतोय.

पंचांच्या त्या बैठकीत तुझं नाव मंडळीच्या यादीतून काढायला पहिला हात मी वर केला. तुला प्रभुभोजनाच्या मेजावरून उठवलं तेव्हा ताट माझ्याच हातात होतं.

संदेष्ट्यांच्या पुस्तकात एके ठिकाणी कच्च्या भिंतीला चुना फासणारे लोक आहेत. वर गारा पडतात तेव्हा भिंतही जाते आणि फासणारेही. शास्त्र मी अकरा वेळा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंय. अकराही वेळा ते वाचताना मला शेजारचे आठवले.

रविवारी सांगतो. लिहून ठेवलंय म्हणजे मागे फिरता येणार नाही.  


२३ मार्च, सोमवार

धाकट्या,

सांगितलं.

कसं झालं ते ऐक. शेवटची प्रार्थना माझ्याकडे होती. उभा राहिलो, सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, आता एकही जण बघत नाही, आत्ताच बोललं तर सोपं जाईल. पण मग ती प्रार्थनाच झाली असती. म्हणून म्हटलं, डोळे उघडा, मला तुमच्याकडे बघत सांगायचंय. लोकांना वाटलं मला चक्कर येतेय. कुणीतरी पाणी आणायला धावलं.

मी शब्बाथशाळेचं दार उघडलं, मुलांना अंगणात जायला सांगितलं आणि पाटी खाली काढली. मागे तडा किती वाढला होता ते मीही पाहिलं नव्हतं. त्यात माझी चार बोटं गेली. मग विटांचं सांगितलं, कमानीचं सांगितलं, काचेचं सांगितलं. दाईबाई तिसऱ्या बाकावर होत्या. त्यांच्याकडे बघून तुझंही सांगितलं. त्या आठ वर्षांत माझ्याशी बोलल्या नाहीत. कालही बोलल्या नाहीत, पण पहिल्यांदाच नजर काढली नाही.

नंतर पंच बसले. हेडमास्तर आवाज न चढवता बोलतात, त्यामुळे जास्त लागतं. म्हणाले, मिस्त्री, तीस वर्षं उभी राहिलेली भिंत तीन आठवडे नाही का राहणार. पाहुण्यांना बोलावणी गेलीत. कार्यक्रम होऊ दे, मग पाडू. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की पंचाने असं केलेलं बाहेर कळलं तर मंडळीची शोभा होईल. मी म्हटलं, शोभेचंच तर झालं सगळं. मुख्य प्रार्थना काढून घेतली. पंचपण मी स्वतःच सोडलं. सोडलं म्हणजे, सोडा म्हणायच्या आत सोडलं, एवढा अहंकार राहू दे माझा.

नवे पाळक पोरसवदा आहेत, मला ते फारसे आवडायचे नाहीत, प्रवचन लांबवतात. पण त्यांनी उठून त्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, खोली कधी उघडायची ते मिस्त्री सांगतील, मास्तर नाही.

काल मी दुपारभर झोपलो. घोरत होतो म्हणे. तुझी वहिनी दोनदा येऊन बघून गेली.

कसं पाडायचं ते मला येतं. पण चौऱ्याहत्तर वर्षांचे हात आहेत आणि आढं खाली यायला नको. ये असं लिहीत नाही. तो अधिकार मी घालवला. टेकू किती आणि कुठे लावायचे तेवढं लिही.


१३ एप्रिल, सोमवार

धाकट्या,

अकरा दिवस तू इथे होतास आणि आपण विटा, चुना, टेकू एवढंच बोललो. तू गेल्यावर तुझी वहिनी म्हणाली, एकदाही बसून बोलला नाहीत, काय भाऊ आहात. मी म्हटलं, बोललो ना, तो म्हणाला थर चुकतोय, मी म्हटलं नाही चुकत. ती कपाळावर हात मारून आत गेली.

म्हणून आता लिहितो. आधी तू येण्यापूर्वीचं, ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल.

एकोणतीस मार्चच्या रविवारी सकाळी किल्लीने खोली उघडली तर जमिनीवर चुन्याची भुकटी पडलेली. ओळंबा सोडला. पोट पाच बोटं झालेलं. मी पाळकांकडे गेलो. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही, बाक बाहेर काढायला लावले, उपासना अंगणात सुरू केली. मी घरून फळ्या आणि लाकडी बल्ल्या आणल्या होत्या, त्या आत ओढायला लागलो. बाहेर गाणं चाललंय आणि आत मी घण मारतोय. धाकट्या, माझ्या आयुष्यातला पहिला रविवार, ज्या दिवशी मी काम केलं. प्रत्येक घावाला वाटायचं, आता वरून काहीतरी होईल. काही झालं नाही. बल्ली जागेवर बसली.

तिसरा टेकू एकट्याला जमेना. खालून पाचर मारायची तर वरून कुणीतरी धरायला हवं. दारात हेडमास्तर उभे होते, काळा कोट, हातात शास्त्र. आवाज बंद करा म्हणून सांगायला आले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, एक हात लावा."

ते थांबले. मी ओळखलं ते थांबणं. मला वाटलं, आता म्हणतील उपासना चालू आहे. त्यांनी कोट काढला, त्याची नीट घडी घातली, कुठे ठेवावा ते कळेना, शेवटी मागे आलेल्या दाईबाईंच्या हातात दिला. आणि खांदा लावून बल्ली धरली. पाचर बसेपर्यंत हलले नाहीत. नंतर मला म्हणाले की शाळेत त्यांनी कधी फळ्याला खिळाही ठोकला नव्हता. मी म्हटलं, दिसतंय.

मग पाळक आले बाह्या सारून, आणि त्यांच्या मागे सगळे. गाणं कधी थांबलं कळलं नाही. वरून एकेक वीट काढायची आणि हातातून हातात अंगणापर्यंत द्यायची अशी रांग लागली. नवीन कपडे घातलेली माणसं चुन्याने पांढरी झाली. आतून भर निघाली तेव्हा त्यात माझंच फुटकं घमेलं सापडलं, तीस वर्षांपूर्वी टाकलेलं. दाईबाईंनी ते वर धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, मिस्त्रींनी देवाला काहीतरी दिलं होतं म्हणायचं. आठ वर्षांनी त्या माझ्याबद्दल बोलल्या आणि ते हे. मी इतका हसलो की मला शिडीवरून उतरावं लागलं.

त्या हशातच तू दारात आलास. पिशवी खांद्याला, आणि वर बघून पहिलं वाक्य, "दादा, तो मधला टेकू उलटा लावलाय."

मी तोंड फिरवून घेतलं ते धूळ गेली म्हणून नव्हे.

टेकू खरंच उलटा होता.

आता जे तोंडाने बोलता आलं नाही ते. त्या रविवारी तू हाक मारलीस आणि मी हात लावला नाही. नंतर त्याच हाताने तुला मेजावरून उठवलं. शास्त्रात सांगितलंय की वेदीपाशी अर्पण घेऊन उभा असशील आणि भावाचं मन दुखवल्याचं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाकडे जा. मी आठ वर्षं अर्पण हातात घेऊन तिथेच उभा राहिलो, आणि उभा राहण्याचंच नाव धार्मिकपण ठेवलं. मला माफ कर. हे मी तुझ्याकडे मागतोय, देवाकडे वेगळं मागितलंय.

तू कार्यक्रमाच्या आधी निघून गेलास. भिंतीसाठी आलो होतो म्हणालास. बरोबर आहे, माझी तक्रार नाही. पण काल काय झालं ते ऐक.

पाहुणे आले. भिंतीला गिलावा नाही हे बघून कुणीतरी विचारलं, काम अर्धं राहिलं का. पाळक म्हणाले, नाही, पूर्ण झालंय. तू आणि मी घातलेल्या आडव्या विटा, दर चौथ्या थराला, लांबून मोजता येतात. मास्तर पाहुण्यांना त्या मोजून दाखवत होते, जसं काही त्यांनीच रचल्या.

पाळकांनी तुझं नाव पुन्हा लिहायचं का असं विचारलं. मी हात वर करायच्या आधीच सगळे हात वर होते. मी शेवटचा. मला शेवटच्या बाकावरून सगळे दिसत होते, पहिल्या बाकावर बसून हे कधी दिसलं नसतं.

मुख्य प्रार्थना दाईबाईंना दिली. त्या म्हणाल्या, "देवा, छप्पर राहिलं, पोरं राहिली. आता आम्हालाही ओळंब्यात ठेव. आमेन." संपलं. माझी प्रार्थना मी पाच पानं लिहिली होती.

मग पाळकांची सुरू झाली. ती लांबली, ते सुधारणार नाहीत. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि मधल्या भिंतीच्या पलीकडून धप् असा आवाज आला. पुन्हा धप्. मुलं खोलीत चेंडू खेळत होती, भिंतीवर मारून. एकेक डोळा उघडून लोक माझ्याकडे बघायला लागले, कारण तीस वर्षं आत जाऊन मुलांना गप्प करणारा मीच.

मी उठून गेलो. मला बघून चौतीसच्या चौतीस मुलं पुतळ्यासारखी उभी राहिली. चेंडू घरंगळत माझ्या पायाशी आला. मी तो उचलला, भिंतीच्या बरोबर मधोमध मारला आणि कान देऊन ऐकलं. भरीव आवाज, धाकट्या. भुकटीचा कण पडला नाही.

मी चेंडू त्यांच्याकडे टाकला आणि म्हटलं, जोरात मारा.

दादा